दाताची कॅप: सिमेंट लावण्याआधी काय काय पाहून घ्यायचं

दाताला कॅप बसवायची म्हटली की लोक आधी विचारतात, ‘कुठली चांगली?’ आणि मग, ‘किती वर्षं टिकेल?’ मी नारायण पेठेतल्या एका डेंटल लॅबमध्ये सिरॅमिकचं काम करते. दवाखान्यातून माप येतं, आम्ही कॅप घडवतो, ती परत दवाखान्यात जाते. इतकी वर्षं हे काम केल्यावर माझं मत पक्कं झालंय. कॅप कशाची आहे यापेक्षा ती दाताच्या काठाला कशी बसलीये याला जास्त किंमत आहे. आणि हे तपासायची एकच सोयीची वेळ असते, सिमेंट लावण्याआधीची. एकदा सिमेंट लागलं की कॅप सहसा शाबूत निघत नाही, कापूनच काढावी लागते. ती वेळ खुर्चीत बसलेल्या पेशंटची असते, पण बरेच जण घाईने ‘हो, बरं वाटतंय’ म्हणून उठतात. तसं होऊ नये म्हणून हे सगळं लिहितेय.

मुळात कॅप हवीच आहे का

दाढेचं रूट कॅनल झालं असेल तर बहुतेक वेळा हवी. किडीने दाढ आधीच पोखरलेली असते, त्यात नसेपर्यंत पोचायला डॉक्टरांना मधोमध भोक पाडावं लागतं. मागे उरतात त्या पातळ भिंती. चावताना सगळा जोर या भिंती फाकवण्याच्या दिशेने येतो. एखाद दिवशी दाढ उभी चिरते, आणि चीर मुळात उतरली की ती दाढ काढण्यावाचून गत्यंतर नसतं. कॅप या भिंतींना चहूबाजूंनी धरून ठेवते. अडचण अशी की रूट कॅनल झाल्यावर दुखणं थांबतं, आणि दुखणं थांबलं की माणूस दवाखान्याची वाट विसरतो. नुसत्या फिलिंगवर महिनोन्‌महिने काढू नका. डॉक्टरांनी सांगितलेल्या आठवड्यांतच कॅप उरकून घ्या.

समोरच्या दाताची गोष्ट वेगळी. मागच्या बाजूने लहानसं भोक पाडून रूट कॅनल झालंय आणि बाकी दात धडधाकट आहे, तर पुष्कळदा फिलिंगवर भागतं. डॉक्टरांना सरळ विचारा, ‘इथे कॅप टाळता येईल का?’ दात जरा पिवळट आहेत एवढ्याच कारणासाठी निरोगी दात घासून कॅप बसवण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे. घासलेला दात परत येत नाही, आणि त्या दाताला जन्मभर कॅप लागते. रंगासाठी ब्लीचिंगसारखे सौम्य उपाय आहेत, ते आधी करून पाहा.

आणखी एक प्रश्न मी प्रत्येकाला विचारायला सांगते: ‘हिरडीच्या वर चांगला दात किती उरलाय?’ कॅपला धरायला सगळीकडून निदान १.५ ते २ मिलीमीटर उंचीचा निरोगी दात हवा. तेवढा नसेल तर दाताच्या मुळाच्या आत पोस्ट, म्हणजे आधाराची काडी, घालून वर गाभा बांधतात, कधी हिरडी थोडी खाली सरकवतात. यातलं काहीच न करता थेट बुटक्या दातावर बसवलेली कॅप सारखी निघत राहते, आणि दोष मात्र सिमेंटला दिला जातो. सिमेंट ही काही चिकटपट्टी नव्हे. नीट बसणारं झाकण डब्यावर जसं स्वतःच्या घट्टपणामुळे राहतं, तशी कॅप मुख्यतः दाताच्या आकारामुळे टिकते. सिमेंट मधली बारीक फट भरतं.

धातू, धातूवर सिरॅमिक, झिरकोनिया

पूर्ण धातूची कॅप आता कुणी मागत नाही. मला मात्र ती अगदी मागच्या दाढेसाठी आजही आवडते. तिच्यासाठी दात सर्वांत कमी घासावा लागतो, तिचा टवका उडत नाही, खर्चही कमी. हसताना ती दाढ दिसतच नसेल तर ह्या पर्यायाला नाक मुरडू नका.

धातूवर सिरॅमिक चढवलेली कॅप, म्हणजे पीएफएम, वर्षानुवर्षं चालत आलेली आहे. आत धातूचं पातळ कवच असतं. त्यावर धातूचा काळेपणा झाकणारा थर, मग दाताच्या रंगाचे थर, आणि प्रत्येक थर ९०० अंश सेल्सिअसच्या आसपासच्या भट्टीत भाजलेला. कॅप मजबूत होते, पण काही वर्षांनी हिरडी मागे सरकली की काठाला करडी-काळी रेघ दिसते. समोरच्या दाताला ती खुपते. आतल्या धातूत बऱ्याचदा निकेल असतं. खोटे दागिने घातले की तुमचा कान खाजून चिघळत असेल, तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. निकेल नसलेला धातू किंवा बिनधातूची कॅप करता येते.

झिरकोनियाचा, म्हणजे एका कठीण सिरॅमिकचा, सध्या बोलबाला आहे, आणि त्याला कारणही आहे. तो येतो पांढऱ्या चकतीच्या रूपात, हाताला खडूसारखा मऊ लागतो. कॉम्प्युटरवर कॅपचा आकार ठरवला की मशीन त्या चकतीतून ती कोरून काढतं, पण खऱ्या मापापेक्षा साधारण २० ते २५ टक्के मोठी. मग ती १५०० अंशांच्या आसपासच्या भट्टीत काही तास भाजली जाते, तिथे आक्रसून बरोबर मापाला येते आणि लोखंडासारखी कठीण होते. दाढेला छान. समोरच्या दातासाठी काचेच्या जातीचं सिरॅमिक, लिथियम डायसिलिकेट, जास्त जिवंत दिसतं, कारण त्यातून उजेड आरपार जातो. ताकदीत ते झिरकोनियापेक्षा कमी आहे. म्हणून रात्री दात खाणाऱ्या माणसाच्या मागच्या दाढेला मी ते सुचवणार नाही.

झिरकोनियाबरोबर पुष्कळदा वॉरंटीचं कार्ड मिळतं. त्यावर ५, १०, १५ अशी वर्षं छापलेली असतात. ही हमी साहित्य फुटण्यापुरती असते. आतला दात किडला तर ते कार्ड उपयोगी पडत नाही. त्यामुळे कार्डावरच्या वर्षांकडे पाहून कॅप निवडू नका.

खर्चाचं विचारायचं तर ‘कॅपचे किती?’ एवढंच विचारू नका. रूट कॅनल, पोस्ट, तात्पुरती कॅप, एक्स-रे यातलं काय धरलंय आणि काय वेगळं, ते आधी स्पष्ट करून घ्या. खाजगी दवाखाना परवडत नसेल तर पुण्यात दंत महाविद्यालयं आहेत: धनकवडीला भारती विद्यापीठाचं, आझम कॅम्पसमधलं रंगूनवाला, वडगावला सिंहगडचं, पिंपरीला डी. वाय. पाटील. तिथे शिकणारे डॉक्टर शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ आणि फेऱ्या जास्त लागतात, पैसे कमी.

पहिल्या दिवशी खुर्चीत

रंगाचा नंबर दात घासायच्या आधी घ्यायला सांगा. तोंड उघडं ठेवून दात कोरडा पडला की तो असतो त्याहून पांढरा दिसतो, आणि त्या फसव्या रंगाची कॅप बनते. रंग पाहायची पट्टी असते, तिच्यात १६ छटा. ए गट लालसर-तपकिरी, बी पिवळसर, सी करडा, डी लालसर-करडा. अक्षरापुढचा आकडा वाढला की छटा गडद. आमच्याकडे येणाऱ्या चिठ्ठ्यांवर ए२, ए३ सर्वांत जास्त. लिपस्टिक पुसून जा, भडक ओढणी असेल तर वर पांढरा नॅपकिन घ्या, आणि शक्य असेल तर खिडकीजवळ उभं राहून दिवसाच्या उजेडात रंग बघायला लावा. ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग उन्हात वेगळा दिसतो.

समोरच्या दाताला नुसता नंबरही पुरत नाही. एकदा कोथरूडच्या एका मुलीचं काम आलं, लग्न तोंडावर आलेलं. चिठ्ठीवर लिहिलं होतं ए१. मी डॉक्टरांना फोन करून तिला लॅबमध्येच बोलावून घेतलं आणि गॅलरीत उभं केलं. शेजारच्या दाताचा हिरडीकडचा भाग स्पष्ट ए३ होता, मधला ए२, खालची कड निळसर-करडी, पारदर्शक, आणि डाव्या कोपऱ्यात तांदळाच्या कणीएवढा पांढरा डाग. तिची आई म्हणाली, “ताई, जरा पांढराच करा ना, फोटोत छान दिसेल.” मी म्हटलं, “काकू, एकटाच पांढरा केला तर फोटोत तोच उठून दिसेल.” मी तो डागसुद्धा कॅपमध्ये घातला. ट्रायलला आई-मुलगी दोघी आरशात बघत होत्या, कॅप कुठल्या दाताला आहे ते काकूंना बोट लावून दाखवावं लागलं. तुमच्या समोरच्या दाताची कॅप होणार असेल तर शेडची पट्टी दाताशेजारी धरून काढलेला फोटो लॅबला पाठवायला सांगा, आणि जमत असेल तर टेक्निशियनला भेटायची इच्छा बोलून दाखवा. आम्हाला आवडतं.

मग घासणं. जिवंत दाताला इंजेक्शन लागतं. रूट कॅनल झालेल्या दाताला नस नसली तरी हिरडी दुखते, म्हणून तिथेही पुष्कळ डॉक्टर देतात. चावायच्या पृष्ठभागावरून कॅपच्या प्रकाराप्रमाणे साधारण १ ते २ मिलीमीटर दात कमी करतात. नंतर दात आणि हिरडी यांच्या मधल्या खाचेत बारीक दोरा दाबून बसवतात. थोडं टोचतं, पण त्यामुळे हिरडी बाजूला होते आणि काठ उघडा पडतो. हा काठ मापात उमटला तरच लॅबमध्ये तो आम्हाला दिसतो. मापात त्या जागी हवेचा बुडबुडा किंवा रक्ताचा डाग असेल, तर आम्ही काठ अंदाजाने ठरवायचा का? मी तसं करत नाही, माप परत पाठवते. म्हणून डॉक्टरांनी एकदा माप घेतलं, बघितलं आणि ‘परत घेऊ या’ म्हणाले तर वैतागू नका. असे डॉक्टर तुमचे खरे हितचिंतक. आता काही दवाखान्यांत कॅमेऱ्याने स्कॅन करून माप घेतात. रबराच्या मापाची मळमळ त्यात नाही, पण काठ कोरडा आणि उघडा दिसायला हवा हा नियम कॅमेऱ्यालाही चुकत नाही.

घरी जाताना तात्पुरती कॅप लावून मिळते. ती टाळू नका. घासलेला दात उघडा राहिला तर शेजारचे दात त्याच्याकडे कलायला लागतात, हिरडी काठावर चढते, आणि लॅबमधून आलेली अचूक कॅप आठवड्याने बसतच नाही. ती बाजू चावायला वापरू नका, चिक्की आणि च्युइंगम बंद, फ्लॉस, म्हणजे दातांच्या फटी साफ करायचा दोरा, वर न ओढता बाजूने सरकवून काढा. तात्पुरती कॅप निघाली तर त्याच दिवशी फोन करा.

तारखांचंही एक सांगते. गणपतीत, विसर्जनाच्या सुमाराला तर फारच, पेठांतले रस्ते बंद असतात आणि लॅबचं काम पोचवणाऱ्या मुलांची दुचाकी पुढे सरकत नाही. त्या दिवसांत ‘दोन दिवसांत कॅप द्या’ हा हट्ट नको. लग्नकार्य असेल तर समोरच्या दाताचं काम निदान महिनाभर आधी सुरू करा, म्हणजे हिरडीला निवायला वेळ मिळतो.

ट्रायल: इथे सावकाश बसा

कॅप आली. डॉक्टर ती सिमेंटशिवाय दातावर बसवून बघतात. रूट कॅनल झालेला दात असेल आणि सहन होत असेल तर ट्रायलला इंजेक्शन नको म्हणा. जीभ-गाल बधिर असताना चावा कळत नाही.

सर्वांत आधी काठ. डॉक्टर टोकदार हत्याराने कॅप आणि दात यांच्या सांध्यावरून गोल फिरवून बघतात. हत्यार कुठे अडकू नये, पायरी लागू नये. ०.१ मिलीमीटरच्या आसपासची फट चालते असं मानतात. जिवाणूंचा आकार हजारांश मिलीमीटरचा, तेव्हा ‘चालते’ म्हणजे काय ते लक्षात घ्या: कॅप कितीही सुंदर असली तरी कीड याच वाटेने आत शिरते, कारण कॅप किडत नाही, खालचा दात किडतो. दोन दातांच्या मधला काठ हत्याराला नीट लागत नाही, तो एक्स-रेवर कळतो. “दोन दातांच्या मधे काठ बसलाय का, एक्स-रे काढून बघायचा का?” असं विचारण्यात गैर काहीच नाही. लॅबमध्ये मी हाच काठ भिंगाखाली लाल पेन्सिलीने आखून घेते आणि कॅप साच्यावर शंभरदा तरी काढते-घालते. एवढ्या कामावर शेवटची नजर तोंडात पडायला हवी.

दुसरं, शेजाऱ्यांशी स्पर्श. पुढच्या आणि मागच्या दाताच्या फटीतून फ्लॉस घालून बघायला सांगा. तो थोडा अडून ‘टक्’ असा आत जायला हवा, जसा तुमच्या दुसऱ्या बाजूच्या दातांत जातो. सहज सरकला तर जागा सैल. तिथे मेथीची काडी, आंब्याची दोरी, मटणाचा धागा रोज अडकणार आणि हिरडी सुजणार. अशी कॅप लॅबला परत पाठवून जागा भरून घेता येते, आम्ही ते नेहमी करतो. उलट फार घट्ट असेल तर कॅप खालपर्यंत उतरतच नाही, आणि मग काठाला फट राहते. तेव्हा आधी स्पर्श हलका करून घ्यायचा, मग पुन्हा काठ बघायचा.

तिसरा चावा. इथे बोलायचं काम तुमचं आहे. खुर्ची उभी करायला सांगा, कारण आडवं असताना जबडा थोडा मागे जातो. डॉक्टर रंगीत कागद ठेवून चावायला लावतात, कागदाचे ठिपके कॅपवर उमटतात. नुसतं वरखाली चावू नका, पान चघळल्यासारखं डावी-उजवीकडेही घासा. कॅप नसलेल्या बाजूच्या दाढा आधीसारख्याच एकमेकींना टेकतायत का, ते मनाशी ठरवा. चावताना खडा लागल्यासारखं वाटलं तर कॅप उंच आहे. ‘होईल सवय’ हे इथे मान्य करू नका. उंच कॅप म्हणजे प्रत्येक घासाला त्या मुळावर हातोडा. दोन-चार दिवसांत दाढ ठणकायला लागते. शेजारच्या दातांवर थोडासा दाब जाणवणं वेगळं, तो सहसा कमी होतो.

उंची कमी करताना कॅप घासली असेल तर पुढचा प्रश्न विसरू नका: “घासलेली जागा परत पॉलिश केली का?” झिरकोनियाच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं. चावताना कॅपवर टेकणाऱ्या वरच्या किंवा खालच्या दाताशी गुळगुळीत झिरकोनिया सौम्य वागतो, खरखरीत ठेवला तर तो नैसर्गिक दात झिजवत नेतो.

रंग शेवटी बघा. आरसा घेऊन खिडकीपाशी जा, घरच्या कुणाला तरी बरोबर नेलं असेल तर त्यांना हातभर अंतरावरून बघू द्या. समोरच्या दाताबद्दल मनात किंतु असेल तर तात्पुरत्या सिमेंटवर काही दिवस लावून देता येते का विचारा. घरच्या उजेडात, बोलताना-हसताना बघून मग पक्की करा.

यातलं एखादं जमत नसेल तर “आज सिमेंट नको, लॅबला परत पाठवू या” हे म्हणायला संकोच करू नका. परत आलेली कॅप दुरुस्त करणं हा आमच्या कामाचाच भाग आहे.

सिमेंट लागल्यावर

सिमेंट लावताना लाळ लागायला नको, म्हणून कापूस ठेवतात. काही मिनिटं घट्ट चावून बसायला सांगतील, तेव्हा जीभ तिकडे नेऊ नका. बाहेर आलेलं सिमेंट काढताना दोन दातांच्या मधे फ्लॉस आठवणीने फिरवून घ्या. हिरडीखाली राहिलेला एक कणही पुढे सूज आणतो. ग्लास आयोनोमर नावाचं सिमेंट काही मिनिटांत घट्ट होतं, पण पूर्ण ताकद यायला साधारण २४ तास जातात. तो दिवस त्या बाजूने वरण-भात, खिचडी.

नंतर तुम्ही सगळं खाऊ शकता, बाकरवडीसुद्धा. सुपारी फोडणं, बर्फ चावणं, ऊस सोलणं आणि बाटलीचं झाकण दातांनी उघडणं मात्र सोडा. रात्री दात खायची सवय असेल तर नाइटगार्ड, म्हणजे झोपताना दातांवर घालायचं कवच, करून घ्या, त्याच्याशिवाय महागातली कॅपसुद्धा फुटू शकते. ब्रश हिरडीच्या रेषेवर, जिथे कॅप संपते तिथे टेकवून फिरवा, आणि रोज एकदा फ्लॉस किंवा दातांमधला बारीक ब्रश. चांगली बसलेली आणि नीट राखलेली कॅप १०-१५ वर्षं सहज जाते, त्याहून जास्त टिकलेल्याही मी पाहिल्यात.

कॅपच्या कडेला वास येतोय, हिरडीतून रक्त येतंय, जिवंत दाताला गार-गरम झोंबतंय, किंवा कॅप किंचित हलतेय असं वाटलं तर वाट पाहू नका. हलणाऱ्या कॅपखाली लाळ शिरते आणि दात न दुखता किडत जातो, रूट कॅनल झालेल्या दाताला तर कळही येत नाही. पूर्ण निघाली तर धुऊन छोट्या डबीत घालून दवाखान्यात न्या. फेविक्विक किंवा दुसरा कुठलाही डिंक लावून घरी चिकटवू नका, ती वाकडी बसते आणि मग दात आणि कॅप दोन्ही हातचे जातात. आतला दात चांगला असेल तर बऱ्याचदा तीच कॅप पुन्हा बसवता येते. आणि शेडचा नंबर, कॅपचं कार्ड, रूट कॅनलनंतरचा एक्स-रे एका पाकिटात घालून ठेवा, कारण पुढे दुसऱ्या गावी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात तर पहिल्यांदा हेच मागतील.